दिवाबत्तीची तरतूद

अजिंठ्याला जाणारी मंडळी पहिले, दुसरे, सोळावे, सतरावे लेणे पाहतात, सव्विसाव्यातील महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे क्षणभर थांबतात आणि परततात. चोविसाव्या लेण्यात सहसा कोणी रेंगाळत नाही. ते पुरे झाले असते तर तिथल्या मोठ्या विहारांत गणले गेले असते. पण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात वाकाटक राजा हरिषेण वारला, आश्रय आटला आणि छिन्नी थांबली, अशी मांडणी वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाने केली आहे. कातळ होता, कारागीर होते, आराखडा होता. नव्हती ती पुढची तरतूद.

नाशिकच्या पांडवलेण्यांत याच्याही तीनशेहून अधिक वर्षे आधीचा एक शिलालेख आहे. बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला तो फार जवळचा वाटतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने लेणे तर दिलेच. शिवाय ३,००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. २,००० दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधी परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. २,००० चे वर्षाचे व्याज २४०; त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब पैपर्यंत जुळतो! या ठेवीला नाव होते अक्षयनीवी.

आज हे आठवण्याचे कारण मात्र संगणकाचे आहे. ‘मुक्त सॉफ्टवेअर’ हा शब्द घरातल्या मुलांच्या तोंडी आपण ऐकतो. ज्याची आतली रचना कोणीही पाहावी, सुधारावी, वाटावी असे सॉफ्टवेअर. ते गावच्या पाणवठ्यासारखे असते. पाणी सगळे भरतात, गाळ मात्र दोघे-तिघे उपसतात. आपली मराठीही याच पाणवठ्यावर पाणी भरते. रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याने दिलेले ‘लोहित’ फॉन्ट घ्या, किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’ गटाचा ‘मुक्त’ घ्या. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून निराळ्या वळणाचा. ‘वऱ्हाड’ किंवा ‘दऱ्या’ लिहिताना तो आडवा र नेमका उमटला पाहिजे. ही काळजी कोणीतरी बसून घेतलेली असते.

आणि ती एकदाच घेऊन भागत नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधीच्या फॉन्टांत ते अक्षर असणार कुठून? ते नव्याने काढून बसवावे लागले. सॉफ्टवेअर लाकडासारखे कुजत नाही हे खरे, पण भोवतालचे जग बदलत राहते आणि काल चालणारी वस्तू आज अडते. ती बनवणारे तोवर नोकरीत, संसारात गुंतलेले असतात. मागे उरतो एखादाच.

असा एकटा माणूस किती महागात पडू शकतो, हे २०२४ च्या मार्चअखेर जगाने पाहिले. ‘एक्सझेड युटिल्स’ नावाचे एक छोटे साधन असंख्य संगणकांत असते. ते फिनलंडचा लासे कॉलिन वर्षानुवर्षे फुकट सांभाळत होता. आपली ताकद पुरत नाही आणि हे काम बिनपगारी हौसेचे आहे, असे त्याने २०२२ मध्ये उघडपणे लिहिलेही होते. मदतीला ‘जिया तान’ नावाने कोणी आला, दोनेक वर्षे निमूट काम करून त्याने विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरवाट खणली. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला एक काम नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा होताना दिसले, म्हणून ती सापडली. अर्धा सेकंद!

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि दोन्ही एकाच्या कमरेला कधी नसतात. जोखमीच्या जागेवरच्या माणसाला सक्तीने रजेवर पाठवतात. हा अविश्वास नव्हे. एक माणूस आजारी पडला, थकला, फसला तरी शाखा उघडली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला मात्र आपण दोन्ही किल्ल्या देतो, पगार देत नाही आणि रजाही देत नाही.

कोणी म्हणेल, ज्या कंपन्या यावर कोट्यवधी कमावतात त्यांनी पाहावे. पाहावेच. बंगळुरूच्या झिरोधा कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला, हे चांगलेच झाले. पण वर्षाचे अनुदान आणि अक्षयनीवी यांत फरक आहे. अनुदान देणाऱ्याचे मन फिरले की थांबते. उषवदाताने पैसा आपल्या हाती ठेवला नाही, श्रेणीकडे ठेवला. कारण माणूस जातो, संस्था राहते.

आपल्याकडे अशा संस्था नाहीत का? सहकारी बँका आहेत, साहित्य संस्था आहेत, विद्यापीठे आहेत. मराठीच्या फॉन्टांसाठी, शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनांसाठी यांनी मिळून एक कायमची ठेव का ठेवू नये? आणि नुसता पैसा पुरत नाही, हात लागतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची मुले दरसाल नवे प्रकल्प करतात आणि गुण मिळाले की ते कपाटात जातात. त्यातल्या काहींनी नवे करण्याऐवजी एखादे जुने, चालते मराठी साधन दुरुस्त केले, तर त्यालाही तेवढेच गुण द्यावेत. एकट्या सांभाळणाऱ्याच्या शेजारी दुसरा बसेल, दुसरी किल्ली तयार होईल.

देऊळ बांधायला वर्गणी लगेच जमते, कारण पायरीवर नाव कोरता येते. दिवाबत्तीच्या खर्चावर नाव कोरायला जागा नसते. पण गाभाऱ्यात उजेड असतो तो त्याच खर्चामुळे.