थोरल्या भावांचा हिशेब

मुलगा समलिंगी आहे असं कळलं की आई आधी स्वतःलाच विचारते, ‘माझं काय चुकलं?’ नातेवाइकांकडे उत्तरं तयारच असतात. लाड फार झाले, बापाचा धाक नव्हता, वसतिगृहात ठेवायलाच नको होतं. गेल्या तीन-चार दशकांतल्या संशोधनात यातल्या एकाही कारणाला आधार मिळालेला नाही.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या डीन हेमर यांनी समलिंगी भावांच्या ४० जोड्या तपासल्या. त्यांतल्या ३३ जोड्यांमध्ये एक्स गुणसूत्राच्या टोकाचा एक भाग सारखा निघाला. मुलाला हे गुणसूत्र आईकडूनच मिळतं, म्हणजे बोट पुन्हा तिच्याचकडे! वर्तमानपत्रांनी ‘गे जीन’चं बारसंही उरकून टाकलं. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि असं एकच जनुक नसल्याचं दिसलं. समलिंगी संबंधांमागे जनुकांतल्या असंख्य बारीक फरकांचा मिळून वाटा ८ ते २५ टक्के निघाला. त्यावरून एखाद्याचा कल वर्तवता येत नाही.

मग उरतं ते वातावरण, म्हणजे संस्कारच ना? तसं नाही.

१९९६ मध्ये कॅनडातल्या रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट यांनी एक चमत्कारिक हिशेब मांडला. प्रत्येक थोरल्या भावामागे धाकटा समलिंगी असण्याची शक्यता साधारण एक तृतीयांशाने वाढते. थोरल्या बहिणींनी फरक पडत नाही. २००६ मध्ये बोगार्ट आणखी खोलात गेले. एकाच आईचा थोरला भाऊ दुसऱ्या घरात वाढला, तरी परिणाम दिसला. दत्तक किंवा सावत्र भावाबरोबर लहानाचं मोठं होऊनही तो दिसला नाही. म्हणजे हे वातावरण घरातलं नव्हे, गर्भाशयातलं. मुलग्यांच्या गर्भारपणात आईच्या शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं यामागे असावीत, असा संशोधकांचा कयास आहे. (घरातल्या शेंडेफळाकडे लगेच संशयाने पाहू नये. मुळातली शक्यता दोन टक्के धरली, तर एका थोरल्या भावामुळे ती तीनच्या आतच राहते.) स्त्रियांना हा हिशेब लागू पडतो का, हे स्पष्ट नाही, आणि त्यांच्याबद्दलचं संशोधनही तोकडं आहे.

मराठी मासिकांना हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या अशा प्रश्नांना संकोच न करता उत्तरं देत. १९३४ मध्ये त्यावरून खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू लढवली, तरी कर्व्यांना दंड भरावा लागलाच. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळलं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये कल ‘बदलून देणारे’ उपचार डॉक्टरांच्या गैरवर्तनात धरले.

‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा सल्ला मात्र अजून फुकट मिळतो, आणि त्यात दुसऱ्या घरातली एक मुलगी विनाकारण भरडली जाते.