समतेचे मास्तर

१९६४पासून आयटेक योजनेत विकसनशील देशांचे अधिकारी भारतात शिकायला येतात. त्यांना स्त्री-पुरुष समता शिकवायचीय? मग एसी हॉल सोडा, तलासरीला चला. लग्नाच्या कर्जापायी इथं नवऱ्यासोबत बायकोही सावकाराची गुलाम व्हायची. लग्नगडी म्हणत त्यांना. १९४५ साली झरीच्या सभेनंतर, गोदावरी परुळेकरांच्या साथीनं, वारली बायाबापड्यांनी ती गुलामी मोडली. जीआरची वाट कोण बघतो? महाराष्ट्राचं महिला धोरण आलं १९९४ला, पंचायतीत निम्म्या जागा २०११ला. बाई आधी उठली, कागद मागून सरपटत आला. म्हणून साहेबाला डहाणूच्या ग्रामसभेत जमिनीवर बसवा. वारली बाई बोलेल, तो लिहून घेईल. आणि त्याच्या सर्टिफिकेटवर सही तिचीच पाहिजे!