शब्दविचार : ‘फेलिसिटेट’, सत्कार आणि शाब्बास

आमच्या एका वाचक भगिनींनीं पत्रानें पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांचा नातू परदेशांतील विद्यापीठांत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज करीत आहे. शालान्त परीक्षेंत उत्तम गुण मिळविल्याबद्दल नगराध्यक्षांनीं आपणांस ‘फेलिसिटेट’ केलें, असें त्यानें त्यांत लिहिलें आहे. धाकटे काका म्हणतात, शब्द भारदस्त आहे, राहूं द्यावा. थोरले काका म्हणतात, हें इंग्रजीच नव्हे. आतां खरें कोणाचें? प्रश्न एका अर्जापुरता दिसला तरी त्याच्या पोटांत बरेंच कांहीं आहे. म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

प्रथम शब्दाचें कुळ पाहूं. लॅटिन भाषेंत ‘फेलिक्स’ म्हणजे मुळांत फलद्रूप, आणि पुढें भाग्यवान, सुखी. त्यावरून ‘फेलिसिटेट’ म्हणजे सुखी करणें. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकांत राजाची मधली कन्या रीगन हा शब्द ‘सुखी झालेली’ अशा अर्थानें विशेषण म्हणून उच्चारते. तुमच्या प्रेमांतच माझें सारें सुख, असें ती बापास भर दरबारांत सांगते, आणि राज्याचा वांटा पदरांत पडल्यावर त्याच म्हाताऱ्यास वादळी रात्रीं दाराबाहेर ठेवते! डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशांत ‘सुखी करणें’ आणि ‘अभिनंदन करणें’ असे दोन्ही अर्थ आहेत. पुढें पहिला अर्थ मागें पडला. दुसऱ्याचें कामही बहुतेक ‘काँग्रॅच्युलेट’ या शब्दानेंच उचललें, आणि ‘फेलिसिटेट’ हा औपचारिक लेखनांत क्वचित् दिसणारा शब्द होऊन राहिला.

आपल्याकडे मात्र त्यास नवा जन्म मिळाला. गुणवंतास व्यासपीठावर बोलवावें, शाल पांघरावी, श्रीफळ हातीं द्यावें आणि दोन शब्द बोलावे, ही आपली रीत. या सबंध विधीला इंग्रजींत एक क्रियापद हवें होतें, आणि तेथें ‘फेलिसिटेट’ची नेमणूक झाली. म्हणून आपल्या इंग्रजी वृत्तपत्रांत माणूस शाल व श्रीफळ ‘देऊन’ फेलिसिटेट केला जातो. मूळ इंग्रजी रचनेंत अमक्या यशा‘बद्दल’ असें येतें. हें ‘देऊन’ मराठी सत्काराचें आहे. यास अशुद्ध म्हणून हिणविण्याचें कारण नाहीं. भाषा परक्या अंगणांत वाढली म्हणजे तेथील रीतिभाती उचलतेच.

परंतु जो अर्ज वाचणार त्यास हें अंगण ठाऊक नाहीं. तो ‘फेलिसिटेट’ वाचून एवढेंच समजेल कीं, नगराध्यक्ष या मुलास ‘अभिनंदन’ म्हणाले. त्यामागील समारंभ आणि सन्मान त्याच्यापर्यंत पोहोंचणार नाहीं, आणि नुकसान मुलाचें होईल. म्हणून तेथें ‘ऑनर्ड’ असें साधें लिहावें, आणि काय मिळालें व कशाबद्दल मिळालें तें स्पष्ट सांगावें. येथील संस्थेच्या अहवालांत मात्र ‘फेलिसिटेट’ खुशाल असावें. तात्पर्य, दोन्ही काका अर्धे अर्धे बरोबर आहेत. एवढें मात्र सांभाळावें कीं, घाईंत ‘फॅसिलिटेट’ लिहिलें जाऊं नये. तो शब्द ‘सोपा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून त्याचा अर्थ सुकर करणें असा आहे. सत्कारमूर्तीस सुकर करून कोणाचें काय साधणार?

आतां आपल्या शब्दांकडे वळूं. कारण घोळ तेथेंही कमी नाहीं. आदर दाखवावयाचा असतां ‘सत्’ हा शब्द धातूशीं जोडावा आणि अनादर दाखवावयाचा असतां ‘असत्’, अशी व्यवस्था पाणिनीनें अष्टाध्यायींत करून ठेविली आहे. तेव्हां सत्कार म्हणजे आदर. ‘गौरव’ हा ‘गुरु’ म्हणजे जड यापासून आला. ज्याच्या जीवनास वजन आहे त्याचा गौरव. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना १९१७ साली विद्वानांचे लेख एकत्र करून जो ग्रंथ अर्पण झाला, तो अशा गौरवाचा उत्तम नमुना होय. अभिनंदन मात्र ‘नन्द्’ धातूपासून आलें. त्यांत आदराची अट नाहीं, दुसऱ्याच्या सुखानें आनंदणें एवढेंच आहे. ‘काँग्रॅच्युलेट’ शब्दाच्याही पोटांत सहआनंदच आहे. मराठींत या शब्दास षष्ठी लागते. ‘तुमचें अभिनंदन’ म्हणावें. ‘तुम्हांला अभिनंदन’ हा हल्लींचा प्रयोग आमच्या कानांस खटकतो.

तेव्हां वडील माणसाचा सत्कार, कर्तृत्ववान् पुरुषाचा अगर स्त्रीचा गौरव, बरोबरीच्याचें अभिनंदन, आणि लहानाचें कौतुक. या लहानाच्या कौतुकासाठीं घरांत जो शब्द आहे तो फारसींतून आलेला आहे: ‘शाब्बास’. त्याचें मूळ ‘शाद बाश’, म्हणजे ‘सुखी ऐस’. ज्या ‘फेलिसिटेट’साठीं काकामंडळींचा वाद झाला, त्याचा आरंभींचा अर्थ हाच नव्हे काय? फरक इतकाच कीं, या शब्दास शाल लागत नाहीं, श्रीफळ लागत नाहीं. फक्त पाठीवर हात लागतो.

आणि तो हात ठेवणें वाटतें तितकें सोपें नाहीं. दुसऱ्याच्या पुण्याविषयीं आनंद वाटणें, या वृत्तीस पतंजलीनें योगसूत्रांत ‘मुदिता’ म्हटलें आहे, आणि चित्त निर्मळ करण्याच्या उपायांत तिची गणना केली आहे. एकत्र कुटुंबांत तिची परीक्षा रोजची असते. एका जावेचा मुलगा पहिला येतो त्याच दिवशीं दुसरीचा जेमतेम निभावतो. अशा वेळीं स्वतःच्या मुलाची चिंता बाजूस सारून पुतण्यास पेढा भरविणारी काकू आम्हीं पाहिली आहे. आमच्या मतें तें अभिनंदन व्यासपीठावरील दहा सत्कारांहून मोठें. उलट, एकास ‘शाब्बास’ म्हणतांना दुसऱ्यास ‘बघ, नाहीं तर तूं!’ असें ऐकविलें कीं दोघांचेंही सुख गेलें. पहिल्यास आपलें यश भावाच्या अंगावर उगारलेल्या छडीसारखें वाटूं लागतें, आणि दुसऱ्यास भाऊ नकोसा होतो. म्हणून मुलांच्या निकालाच्या दिवशीं घरांतील वडील मंडळींनीं ‘शाब्बास’ म्हणावें, आणि तेथेंच थांबावें.