होडीसुद्धा कार्यस्थळच असते

वाराणसीचा बालाजी घाट मराठी माणसाला परका नाही. अठराव्या शतकात पेशव्यांनी तो बांधला; शेजारी ग्वाल्हेर घाट आहे आणि पुढे भोसले घाट. याच घाटावरील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला.

या पायऱ्यांवर एक प्रसंग कल्पून पाहावा. पहाटे एक संशोधक विद्यार्थिनी आपल्या मार्गदर्शकासोबत होडीत बसते. गंगेच्या पाण्याचे तापमान, विरघळलेला प्राणवायू यांच्या नोंदी घ्यायच्या आहेत, नमुन्यांच्या बाटल्या भरायच्या आहेत. होडी प्रवाहात गेल्यावर मार्गदर्शक तिच्या शरीराविषयी शेरा मारतो, खांद्यावर हात ठेवतो आणि ती आक्रसली की हसून म्हणतो, 'संशोधनात इतके हळवे राहून चालत नाही.' सोबत तिसरा फक्त नावाडी. ही घटना कार्यस्थळी घडली, असे म्हणता येईल का?

कायद्याचे उत्तर निःसंदिग्धपणे 'होय' असे आहे. ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झालेल्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार कामानिमित्त जिथे जावे लागते ते प्रत्येक ठिकाण आणि त्यासाठी मालकाने पुरवलेले वाहन, हे सारे कार्यस्थळ ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये लागू केलेले विनियम त्याहून स्पष्ट आहेत. शैक्षणिक सहल, क्षेत्रभेट, प्रशिक्षण, शिबिर या सर्वांना ते विद्यापीठाच्या परिसरातच मोजतात. कायदा होडीपर्यंत पोहोचला आहे. विज्ञानसंस्थांची तयारी मात्र बहुतेकदा प्रयोगशाळेच्या दारापाशी संपते.

याचे उदाहरण वाराणसीतच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाची शैक्षणिक सहल ओडिशाला गेली. परतल्यावर विद्यार्थिनींनी एका प्राध्यापकाच्या अश्लील शेऱ्यांविषयी तक्रार केली. प्राध्यापक निलंबित झाले आणि अंतर्गत तक्रार समितीने त्यांना दोषी धरले. तरीही २०१९ मध्ये विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेने त्यांना सेवेत परत घेतले. शिक्षा एवढीच की यापुढे जबाबदारीचे पद नाही. सप्टेंबरमध्ये विद्यार्थिनी विद्यापीठाच्या सिंहद्वारावर धरणे देऊन बसल्या, तेव्हा कुठे प्राध्यापकांना दीर्घ रजेवर पाठवून निर्णय फेरविचारासाठी परिषदेकडे गेला. समितीने निष्कर्ष काढणे आणि संस्थेने तो मनावर घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने दाखवले.

दुसरा धडा गोव्याचा. गोवा विद्यापीठातील एका विभागप्रमुखाविरुद्धच्या तक्रारींची २००९ मध्ये चौकशी झाली व त्यांना सेवेतून काढण्यात आले. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. कारण, चौकशी घाईने उरकली गेली होती आणि बचावाची पुरेशी संधी मिळाली नव्हती. चौदा वर्षांनंतर तक्रारदारांच्या हाती काय उरले? निष्काळजी प्रक्रियेचा जाच दोन्ही बाजूंना होतो. म्हणून प्रशिक्षित समिती ही तक्रारदाराची जितकी गरज आहे, तितकीच ज्याच्यावर आरोप आहे त्याचीही.

क्षेत्रकार्यातील धोका आकड्यांतही दिसतो. २०१४ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात ६६६ क्षेत्र-संशोधकांचे सर्वेक्षण प्रसिद्ध झाले. त्यातील ६४ टक्के जणांनी क्षेत्रकार्यात लैंगिक छळ अनुभवल्याचे सांगितले. स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांचे हे सर्वेक्षण असल्याने ही टक्केवारी साऱ्या संशोधकांना लावता येणार नाही, पण एक गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही: स्त्रियांना त्रास देणारे बहुधा पदाने वरिष्ठ होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०१८ च्या अहवालाने तर छळाचे सर्वांत बलवान कारण संस्थेच्या वातावरणात शोधले. जिथे छळ खपवून घेतला जातो असे लोकांना वाटते, तिथे तो वाढतो.

मग छळ ओळखायचा कसा? 'माझा हेतू तसा नव्हता' हा बचाव नेहमी पुढे येतो. कायदा मात्र ते वर्तन नकोसे होते का, हे विचारतो. स्पर्श, लैंगिक मागणी, लैंगिक सूचकतेचे शेरे, अश्लील चित्र वा ध्वनिचित्रफीत दाखवणे, आणि शब्दांनी किंवा हावभावांनी केलेले असे कोणतेही नकोसे वर्तन या व्याख्येत येते. विद्यार्थिनी गप्प राहिली, म्हणजे तिची संमती होती असे होत नाही. शोधनिबंधावरील नाव, शिफारसपत्र, उपकरणावरचा वेळ आणि प्रबंधावरची स्वाक्षरी ज्याच्या हाती आहे, त्याला 'नाही' म्हणण्याची किंमत प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला ठाऊक असते. आयोगाच्या विनियमांनी हे जाणले आहे. चौकशी चालू असताना तक्रारदाराच्या कामाचे वा परीक्षेचे मूल्यमापन त्या व्यक्तीकडून काढून घेता येते. विनियम एवढ्यावर थांबत नाहीत. पुरुष आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडू शकतात, हे ते मान्य करतात.

खोट्या तक्रारींची भीती वारंवार व्यक्त होते. दुष्ट हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद कायद्यात आहे; मात्र केवळ पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, असेही तोच कायदा सांगतो. जिचा प्रबंध त्याच माणसाच्या स्वाक्षरीवाचून अडणार आहे, ती गंमत म्हणून तक्रार करील हे संभवत नाही.

प्रतिबंधाची खरी वेळ निघण्यापूर्वीची असते. क्षेत्रभेटीच्या आराखड्यात उपकरणांच्या यादीइतक्याच काटेकोरपणे काही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: सोबत किमान दोन शिक्षक, त्यांत एक स्त्री, मुक्कामाच्या खोल्या कोणाच्या व कुठे, मार्गदर्शकाखेरीज जिला थेट दूरध्वनी करता येईल अशी व्यक्ती, समितीचा संपर्क, आणि कोणाला अर्ध्यातून परतावे लागले, तर तिकिटाचा खर्च संस्थेचा. या शेवटच्या ओळीला पैसे फार लागत नाहीत, पण ती नसल्यामुळे परक्या गावी अडकून पडावे लागते.

ज्याच्यावर प्रसंग ओढवतो त्याने शक्य तितक्या लवकर दिनांक, वेळ, ठिकाण आणि उच्चारलेले शब्द लिहून ठेवावेत, संदेश जपावेत, विश्वासातल्या एकाला सांगावे. लेखी तक्रारीची मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने आहे. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. स्वतः लिहिणे शक्य नसेल, तर लिहिण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. चौकशी ९० दिवसांत आणि शिफारशीवर कारवाई ६० दिवसांत व्हायला हवी. पाहणाऱ्यालाही काम आहेच: संभाषण तोडावे, शेजारी जाऊन बसावे, नंतर एकांतात 'तू ठीक आहेस ना?' एवढे विचारावे.

नदीवर जाण्याआधी प्रत्येक मापकाचे अंशांकन केले जाते, कारण चुकीच्या मापकाने घेतलेली नोंद नंतर सुधारता येत नाही. तीच दक्षता होडीत बसणाऱ्या माणसांविषयी दाखवणे, ही विज्ञानशिस्तच आहे. पुढच्या क्षेत्रभेटीचा आराखडा हाती आला, की विद्यार्थ्यांनी विभागाला एकच प्रश्न विचारावा: काही घडले, तर घाटावरून फोन कोणाला करायचा? उत्तर मिळाल्याशिवाय होडी सुटू नये.