परदेशातला मुलगा आणि घरचा फोन



गव्हाणच्या उशाशी आता विमानतळ आला. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईची विमाने उडू लागली. शेजारी न्हाव्याला 'टी. एस. रहमान' ही बोटीवरच्या नोकरीचे शिक्षण देणारी संस्था, पलीकडे शेव्याचे बंदर. तेव्हा एखाद्या घरचा मुलगा दुबईला, एखाद्याचा बोटीवर, याचे आता कोणाला नवल नाही. त्याच्याशी स्वस्तात बोलायचे कसे, एवढे मात्र अजून पुष्कळांना उमगलेले नाही.

परवा एक काकू भेटल्या. मुलगा दुबईला गेल्यापासून त्या रोज रात्री त्याच्या इथल्याच नंबरावर फोन लावत. "मला काही जादा पैसे पडत नाहीत हो!" खरे आहे, काकूंना पडत नव्हते, मुलाला पडत होते. इथले सिमकार्ड परदेशात चालते त्याला रोमिंग म्हणतात, आणि त्यात आलेल्या फोनचेही पैसे मोजावे लागतात. महिनाभराने मुलाने फोन उचलणे सोडले. लाजेकाजेस्तव बोलला नाही. इकडे आईला वाटले, पोरगा रुसला. चार दिवस तिच्या घशाखाली घास उतरेना. अशाने पैसा जातो तो जातोच, वर जिवाला घोर!

तेव्हा जाणाऱ्याने निघण्यापूर्वी घरी बसून ठरवावे: फोन कोणी, केव्हा आणि कशावरून करायचा. स्वस्त मार्ग इंटरनेटचा. मुक्कामी वायफाय असेल तर त्यावर बोलावे, फार दिवस राहायचे असेल तर तिथलेच सिमकार्ड पासपोर्ट दाखवून घ्यावे. नवे सिम घातले तरी व्हॉट्सअॅपचा नंबर बदलू नये. जुनाच चालतो, आणि आईला नवा नंबर शोधावा लागत नाही. विमानात बसण्याआधी फोनमधले 'डेटा रोमिंग' बंद करावे, नाहीतर खिशातल्या खिशात फोन पैसे खातो. इथले सिम मात्र टाकू नये. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो; तो तिकडे मिळेल ना, हे कंपनीला आधी विचारावे.

दुबईची एक अडचण आहे. तिथे व्हॉट्सअॅपवर लिहिलेला निरोप जातो, पण बोलणे होत नाही. सरकारने परवानगी दिलेली बोटिमसारखी अॅपेच चालतात. ते अॅप घरच्या फोनवरही हवे. मुलगा असतानाच घालून घ्या आणि आजीला दोनदा लावायला लावा. साधा फोन करायचाच झाला तर +९१ आणि पुढे दहा आकडे. मध्ये शून्य नको.

वेळही पाहा. गव्हाणला रात्रीचे नऊ म्हणजे दुबईत साडेसात, सौदी, कुवेत, कतारला साडेसहा. कामावरून येऊन, हातपाय धुऊन तो निवांत बसला असेल तेव्हाच बोलावे.

बोटीवरच्याचे निराळे. भर समुद्रात मोबाइलचे टॉवर कुठले? तिथे उपग्रहावरचे इंटरनेट. जहाजावरच्यांना शक्य तेथवर इंटरनेट द्यावे आणि पैसे घेतलेच तर वाजवी घ्यावेत, असा आंतरराष्ट्रीय नियम २३ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. नोकरीच्या करारावर सही करण्याआधी मुलाने हे विचारून घ्यावे. तरीही दोन-चार दिवस आवाज आला नाही तर लगेच देव पाण्यात घालू नका.

एक शेवटचे. अनोळखी परदेशी नंबराचा मिस्ड कॉल आला तर उलट फोन करू नका. आणि "तुमच्या मुलाला पोलिसांनी धरले, ताबडतोब पैसे पाठवा" असा फोन आला तर आधी मुलाच्या ठरलेल्या नंबरावर लावा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. विकल्या गेलेल्या बैलाचे नाव चालेल, ते परक्याला कुठून ठाऊक असणार? पैसे गेलेच असतील तर लाजू नका, त्याच क्षणी १९३० वर कळवा.