यंत्र स्वस्त, दुरुस्ती कोणाकडे?

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात सोयाबीन फुलावर येते आणि पऱ्हाटी कमरेला लागते, त्या पंधरवड्यात शेतकऱ्याला सर्वांत आधी जी वस्तू लागते ती म्हणजे पाठीवरचा फवारणी पंप. पूर्वी त्याचा दांडा हाताने मारावा लागे. आता तो बॅटरीवर किंवा पेट्रोलवर चालतो. त्याच्या मागोमाग धुऱ्यावरचे गवत कापणारा ब्रश कटर आला, आणि निंदणाला माणसे मिळेनाशी झाली तसा पॉवर विडरही आला. ही यंत्रे घ्यावीत कोठून? तालुक्याच्या दुकानातून, अमरावतीच्या एखाद्या मोठ्या दालनातून, की मोबाइलवरून घरपोच? वरवर पाहता हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. पक्षातील काही कार्यकर्त्यांनी तो एका वाक्यात निकालात काढला आहे : जेथे स्वस्त मिळेल तेथे घ्यावे; दुकानदार आणि कंपनी दोघेही नफेखोर, त्यांच्या भांडणात समाजवाद्यांनी पडण्याचे कारण नाही.

हे उत्तर ऐकायला मोठे जहाल आहे. हिशेबाला मात्र ते टिकत नाही.

प्रथम या कार्यकर्त्यांच्या पदरात त्यांचे माप घातले पाहिजे. तालुक्याचा दुकानदार हा शेतकऱ्याचा सोयरा आहे, हे चित्र भाबडे आहे. तो उधारी देतो हे खरे. पण उधारीवरच्या वस्तूचा भाव वेगळा असतो आणि हंगाम संपताच सोयाबीनची पोती कोणाच्या काट्यावर जातील तेही कित्येकदा त्या उधारीनेच ठरते. खताच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली गळ्यात मारण्याला 'लिंकिंग' असे गोंडस नाव मिळाले आहे. शासनाने एखाद्या अवजारावर अनुदान जाहीर केले की त्या अवजाराची किंमत वर चढते, ही तक्रारही गावोगाव ऐकू येते. आणि २०१७ साल वऱ्हाडाने विसरू नये. त्या वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मेले. औषधांच्या मिश्रणाबरोबरच बॅटरीवरच्या चिनी बनावटीच्या पंपांतून उडणाऱ्या बारीक तुषारांचीही त्या वेळी चर्चा झाली. ती औषधे आणि ते पंप काही मुंबईच्या मॉलमधून आले नव्हते. ते ओळखीच्याच दुकानांतून विकले गेले होते, आणि विकताना हातमोजे व तोंडावरचा पट्टा द्यावा असे फार थोड्यांना सुचले.

तेव्हा दुकानदाराची वकिली करण्याचा हा प्रकार नव्हे. प्रश्न निराळा आहे. यंत्र विकत घेणे आणि साबणाची वडी विकत घेणे या दोन क्रियांना अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात एकच नाव असले, तरी व्यवहारात त्या एक नाहीत. साबण घरी नेला की व्यवहार संपतो. यंत्राचा व्यवहार घरी नेल्यावर सुरू होतो.

दोन-स्ट्रोक इंजिनाचेच पाहा. त्यात पेट्रोल नुसते ओतून चालत नाही, ठराविक मापाने तेल मिसळावे लागते. हे माप पहिल्या दिवशी कोणी हाताने करून दाखवले नाही, तर पिस्टन घासून इंजिन काही तासांत जाम होते. पुस्तिका सोबत असते; पण ती कोणत्या भाषेत असते आणि किती बारीक टाइपात, हे ज्याने खोके उघडले आहे त्यास ठाऊक आहे. आता देशभर वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आले आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल तसेच राहिले तर कार्ब्युरेटर चिकटतो आणि जुन्या लहान इंजिनातील रबरी पडदे फुगतात किंवा चिरतात. बॅटरीच्या पंपाची तऱ्हा वेगळी. उन्हाळाभर बॅटरी उतरलेल्या अवस्थेत कोपऱ्यात पडली की शिशाच्या पट्ट्यांवर थर बसतो आणि जुलैत ती भार धरीत नाही. यातला एकही बिघाड मोठा नाही. रबरी पडदा, प्लग, नोझल, स्टार्टरची दोरी या वस्तू काही रुपयांच्या किंवा फार तर काही शेकड्यांच्या असतात. पण त्या तालुक्यात असाव्या लागतात आणि त्या बसवणारा मिस्त्री असावा लागतो.

समजा, घरपोच आलेला पंप तालुक्याच्या दुकानापेक्षा ८०० रुपयांनी स्वस्त पडला. सोयाबीनवर पाने खाणारी अळी दिसली आणि त्याच सकाळी तो बंद पडला. परत पाठवण्याची मुदत उलटून गेलेली. कंपनीचे सेवा केंद्र लांबच्या शहरात. नांदगावहून अमरावती पस्तीसेक किलोमीटर. जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला दिवस धरूनही तो विशिष्ट सुटा भाग तेथे मिळेलच असे नाही, कारण यंत्रावरचे नाव एकाचे, बनावट दुसऱ्याची आणि आयात तिसऱ्याने केलेली. चार दिवस गेले. पाच एकरांत एकरी अवघ्या अर्ध्या क्विंटलची घट आली तरी अडीच क्विंटल सोयाबीन गेले. २०२५-२६ चा ५,३२८ रुपयांचा हमीभाव धरला तर हे नुकसान १३,३२० रुपयांचे. बाजारात त्याहून कमी भाव मिळतो म्हणून हा आकडा कोणी खाली आणू पाहील, तर आणावा; ८०० रुपयांच्या जवळपासही तो येणार नाही.

आता त्या ८०० रुपयांत काय होते ते पाहावे. तालुक्याच्या दुकानदाराच्या किमतीत त्याचा नफा असतोच. पण त्याच किमतीत दुकानाच्या पाठीमागे तेलकट हातांनी बसलेल्या मिस्त्रीची मजुरी असते, फळीवर वर्षभर पडून राहिलेल्या सुट्या भागांत अडकलेले भांडवल असते आणि पहिल्या दिवशी तेलाचे माप दाखवण्यात गेलेला अर्धा तासही असतो. हे तिन्ही खर्च बिलावर वेगळे लिहिलेले नसतात. म्हणून ते फुकट आहेत असा भ्रम होतो. गिऱ्हाईक दुकानात येऊन यंत्र हाताळतो, शंका विचारून घेतो, घरी जाऊन मोबाइलवर तेच यंत्र मागवतो आणि बिघडले की त्याच दुकानात घेऊन येतो. दुकानदार तोंड फिरवतो. त्याचे तोंड फिरवणे अशोभनीय आहे खरे. पण ज्या किमतीतून मिस्त्री पोसला जात होता ती किंमतच निघून गेल्यावर मिस्त्री राहील कोठून? असे दोन-तीन हंगाम गेले की मिस्त्री पुण्याला पहारेकऱ्याच्या नोकरीवर जातो. श्रमिकांचा कैवार घेणाऱ्यांनी हा श्रमिक हिशेबात धरला नाही, याचे नवल वाटते.

मोठ्या दालनाची स्वस्ताई येते कोठून? काही अंशी ती कार्यक्षमतेची असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु फार मोठा भाग सौदाशक्तीचा असतो : शंभर खोकी घेणाऱ्याला एक भाव, लाख खोकी घेणाऱ्याला दुसरा. अमेरिकेने या भेदभावाविरुद्ध १९३६ साली रॉबिन्सन-पॅटमन कायदा केला आणि १९८० च्या दशकापासून तो जवळजवळ अडगळीत टाकला. त्याच अमेरिकेत गवत कापण्याची यंत्रे करणाऱ्या 'स्नॅपर' कंपनीचे प्रमुख जिम विअर २००२ साली वॉलमार्टच्या कचेरीत गेले आणि यापुढे तुम्हाला माल देणार नाही असे सांगून आले. समजावून विकणारे आणि दुरुस्त करून देणारे स्वतंत्र विक्रेते हाच त्यांच्या धंद्याचा कणा होता. वॉलमार्टच्या फळीवर राहायचे तर दरवर्षी किंमत उतरवायची, म्हणजे यंत्र हलके करायचे, हे त्यांनी ओळखले होते. ही हकीकत तिकडे फार गाजली. तिचा उत्तरार्ध मात्र कोणी सांगत नाही. २००४ साली ती कंपनी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिनवाल्या बड्या कंपनीने गिळली, आणि २०२० साली ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच दिवाळखोरीत निघून एका गुंतवणूक संस्थेच्या हाती गेली. एका कारखानदाराच्या बाणेदारपणाने बाजाराची रचना बदलत नाही.

आपल्याकडे भारतीय कंपन्यांनी खास शेतकऱ्यांसाठी म्हणून मोठी दुकाने काढली, त्यांचे काय झाले? डीसीएम श्रीरामच्या 'हरियाली किसान बाजार'ची सुरुवात २००२ ची. दहा-अकरा वर्षांत त्यांनी बहुतेक गाशा गुंडाळला. गोदरेजचे 'आधार' २००३ साली पुणे जिल्ह्यातील मंचरला उघडले, २००८ साली त्याचा ७० टक्के हिस्सा फ्यूचर समूहाकडे गेला आणि २०२२ मध्ये तो समूहच दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला. वॉलमार्टने २००९ साली अमृतसरला 'बेस्ट प्राइस' हे घाऊक दुकान काढले. त्याच मालिकेतले एक अमरावतीलाही आले. तेथे परवानाधारक व्यापाऱ्यालाच प्रवेश, म्हणजे शेतकऱ्याचा संबंध दुरूनच. २०२० साली तीही दुकाने फ्लिपकार्टने घेतली, आणि फ्लिपकार्ट २०१८ पासून वॉलमार्टचीच. भांडवल असे एका खिशातून दुसऱ्या खिशात फिरते. त्याला फिरायला मोकळीक आहे. पाच वर्षांपूर्वी घेतलेल्या यंत्राचा पडदा मागायला आलेल्या शेतकऱ्याला ती नाही.

भरमसाट सवलतींविषयी शासन अगदीच झोपले होते असेही नाही. परदेशी भांडवलाच्या ई-व्यापार कंपन्यांनी किमतींवर प्रभाव पाडू नये, असे केंद्राने २०१८ च्या डिसेंबरात बजावले. २०२० च्या जानेवारीत स्पर्धा आयोगाने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला. पण चौकशीच्या फायलीतून पंपाचा पडदा निघत नाही.

शासनाचा खरा दोष दुसरीकडे आहे. कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान २०१४-१५ पासून चालू झाले. अर्ज संगणकावर, पूर्वसंमती संगणकावर, बिल संगणकावर, मग अनुदान खात्यावर. या साऱ्या व्यवस्थेत सार्वजनिक पैसा यंत्राच्या खरेदीपाशी येऊन थांबतो. ते यंत्र तिसऱ्या वर्षी चालते आहे की गोठ्यात पडले आहे, हे कोणी विचारीत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि ज्या चार क्षेत्रांपासून आरंभ करायचे ठरवले त्यांत शेती अवजारे होती. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदाच केला. भारतात एक संकेतस्थळ निघाले.

मग कार्यकर्त्यांनी करायचे काय? 'गावच्याच दुकानात घ्या' असा उपदेश गरिबाला करणे निर्दयपणाचे होईल. मागणी शासनाकडे करावी, आणि ती अशी : ज्या यंत्राचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाहीत आणि ते बसवणारा प्रशिक्षित माणूस तेथे नाही, त्या यंत्राला अनुदानाच्या यादीत स्थान नसावे, मग विकणारा दुकानदार असो, दालन असो वा ई-व्यापारी. सुटे भाग किमान सात वर्षे पुरवण्याची लेखी हमी उत्पादकाकडून घ्यावी. बिलावर दुरुस्तीची जबाबदारी कोणाची ते मराठीत लिहिलेले असावे. या अटींनी लबाड दुकानदारही गाळला जाईल. आणि जो आजही मिस्त्री ठेवून आहे त्याला आपली किंमत का जास्त आहे हे सांगण्याचे धैर्य येईल.

दुसरे काम सहकाराचे. तालुका खरेदी-विक्री संघांनी एके काळी, १९७२ नंतर, कापूस एकाधिकार खरेदीचा प्रचंड पसारा सांभाळला. ती योजना गेली आणि ठिकठिकाणचे संघ रासायनिक खताचे परवाने सांभाळीत बसले. त्यांच्याकडे जागा आहे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा केलेली मुले तालुक्यातालुक्यात रिकामी आहेत. संघाच्या आवारात दोन मिस्त्री, सुट्या भागांची एक फळी आणि हंगामात भाड्याने द्यायला चार चालू पंप, एवढ्याला किती भांडवल लागते? डॉ. लोहिया लहान यंत्राचा आग्रह धरीत. लहान यंत्र गावाच्या ताब्यात राहते, हे त्यातले मर्म होते. गावाला उघडता न येणारे यंत्र लहान असूनही परकेच.

संघाचे पुढारी हलतील तेव्हा हलतील. तोवर पक्षाच्या तालुका शाखेने मृगापूर्वी पंप तपासणीचे शिबिर घ्यावे. पहिले पापळला घ्यावे. ते डॉ. पंजाबराव देशमुखांचे जन्मगाव. देशाचे कृषिमंत्री असताना १९५९-६० साली दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवून त्यांनी देशोदेशींची यंत्रे भारतीय शेतकऱ्यापुढे मांडली होती. शिबिरात प्रत्येक पंपाची नोंद व्हावी : कोठून घेतला, केव्हा घेतला, किती दिवस बंद राहिला, कोणता भाग मिळाला नाही, फवारणाऱ्याला हातमोजे होते काय. शंभर पंपांची अशी वही घेऊन शिष्टमंडळाने अमरावतीला जिल्हा कृषी अधीक्षकांकडे जावे आणि अनुदानाच्या यादीतील कोणती यंत्रे याच वहीत बंद पडलेली आहेत, ते त्यांना नावानिशी वाचून दाखवावे.