संबोधनातील समता

अमेरिकी व्यवसायविश्वात वरिष्ठाला पहिल्या नावाने संबोधणे हा शिष्टाचार समजला जातो. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला निघालेले आमचे विद्यार्थीही आता तो गिरवतात. परंतु ही समता कितपत खरी? मोंटाना वगळता अमेरिकेतील सर्व राज्यांत, करार वा कायदा आड येत नसेल तर, मालक कारण न देता नोकरी संपवू शकतो. संबोधन बदलते, सत्ता नव्हे. शिवाय इंग्रजी ‘यू’मध्ये झाकला जाणारा तू-तुम्हीचा भेद मराठीत वाक्यागणिक उघडा पडतो. साहेबाला नावाने हाक मारणारा तरुण कंत्राटी कामगाराला ‘अरे, तू’ म्हणणार असेल, तर तो नेमके काय शिकला? समतेची परीक्षा वरिष्ठाशी नव्हे, हाताखालच्या माणसाशी बोलताना होते. मराठीत तिचा आरंभ एका ‘तुम्ही’ने होऊ शकतो.